रेणुकेवर कादंबरी लिहिताना मोकळीक किती घ्यायची?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून मला त्यातून काय समजलं ते आधी सांगते. तुम्ही निपाणीकडच्या. घरात आजीच्या आधीपासून सौंदत्तीची यात्रा चालत आलेली. तुम्ही रेणुकेवर कादंबरी लिहायला घेतलीय आणि ती निम्मी झालीय. थोरल्या काकूंनी काही पानं वाचली आणि "देवीबद्दल असलं लिहू नको बाई" म्हणून वही परत केली. मैत्रीण म्हणाली, "तुझी रेणुका फेसबुकवर लिहिणाऱ्या बाईसारखी बोलते." आता तुम्हाला विचारायचंय की पोथीतल्या बाईवर लिहिताना मोकळीक किती घ्यायची, इतक्या कथांतली कुठली धरायची, तिला बेळगावी बोली द्यायची की पुस्तकी मराठी, आणि कादंबरी संपवायची कुठं. सोबत लिहून झालेली पानं दिलीत. त्यात रेणुका उखळात मिरची कांडते आणि जमदग्नीला म्हणते, "माझ्या देहावर माझा अधिकार आहे."

माझ्या मते काकूंचा आणि मैत्रिणीचा आक्षेप एकच आहे. पाण्यात क्रीडा करणाऱ्या राजाला पाहून रेणुकेचं मन ढळलं, ही गोष्ट काकूंनी लहानपणापासून चौंडक्याच्या, म्हणजे देवीच्या गाण्यातल्या वाद्याच्या, तालावर ऐकलेली असणार. तिचं त्यांना वावडं नाही. त्यांना खटकलं असेल ते असं, की ज्या आईला त्या ओळखतात ती तुमच्या पानांत भेटली नाही. मैत्रिणीचं म्हणणं तरी दुसरं काय आहे? दोघींनाही रेणुकेच्या जागी तुम्ही दिसलात. तेव्हा मोकळीक जास्त झाली की कमी, यात फारसं अडकू नका. ती कुठल्या जागी घेतली, हे बघायचं.

मी बरीच वर्षं याच वाटेनं लिहिते आणि सीमाभागातल्या नव्या लेखकांची हस्तलिखितंही वाचते. त्यातून माझ्यापुरता एक दंडक ठरलाय: पोथीत जे घडलं म्हटलंय ते मी मोडत नाही, आणि पोथी जिथं गप्प आहे तिथली सगळी जमीन माझी. हा दंडक प्रत्येकानं पाळावाच असं नाही. घटनाच उलटी करून उत्तम लिहिणारेही आहेत. पण तुमच्यासारखं भक्तांच्या घरात बसून, भक्तांच्याही हातात जाईल असं पुस्तक लिहायचं असेल, तर मला हाच रस्ता धड वाटतो.

गप्प जागा म्हणजे काय, ते रेणुका जरा बाजूला ठेवून दाखवते. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या यज्ञात हजार गाई बांधलेल्या असतात, एकेकीच्या शिंगांना दहा दहा पाद (जुनं वजन) सोनं लावलेलं. याज्ञवल्क्य ऋषी वाद सुरू होण्याआधीच शिष्याला सांगतो, हाकल रे या गाई घराकडं. पुढं गार्गीचे प्रश्न येतात, सभा गाजते, आणि आपण सगळे सभेतच रमतो. पण त्या हजार गाई निघाल्या घरी. घरी कोण होतं? मैत्रेयी होती, तिला ब्रह्मज्ञानाची ओढ. आणि कात्यायनी होती, जिला उपनिषद एका वाक्यात उरकतं, की तिची समज चारचौघी बायकांइतकीच. या गाईंना पाणी कुठं पाजायचं, चारा कुठून आणायचा, शिंगांचं सोनं कुणाच्या ताब्यात द्यायचं, हे त्या संध्याकाळी कुणी ठरवलं असेल? उपनिषद सांगत नाही. एक अक्षर न बदलता तिथं आख्खी कादंबरी मावते. आणि पुढं याज्ञवल्क्य घर सोडताना वाटणीचा विषय काढतो, तेव्हा कात्यायनी गप्प असते. ते गप्प बसणं मग वाचकाला वेगळंच ऐकू येतं.

आता रेणुकेकडं येऊ. कथा कुठली धरायची? 'खरी कुठली' यात शिरू नका, तिथून बाहेर निघता येत नाही. निदान तीन कथा समोर मांडा, प्रत्येकीत काय आहे आणि काय नाही ते नीट बघा, आणि मग एक उचला. तुमच्या पानांत मला तिन्ही एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. मिसळायला हरकत नाही, पण आपण मिसळतोय हे माहीत असायला हवं, कारण प्रत्येक कथेचा परिणाम वेगळा होतो.

पहिली महाभारताच्या वनपर्वातली. भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीत ११६ वा अध्याय काढा. प्रसेनजित राजाची ही मुलगी जमदग्नीनं मागून घेतलेली. पाच मुलगे: रुमण्वान, सुषेण, वसू, विश्वावसू आणि धाकटा राम. मुलं फळं आणायला गेलेली असताना ती स्नानाला जाते. येताना मार्त्तिकावतकाचा राजा चित्ररथ, कमळांची माळ घातलेला, बायकांसह पाण्यात खेळताना दिसतो. तिला अभिलाषा होते. ती भिजलेली, भान हरपलेली, थरथरत आश्रमात येते आणि नवऱ्याला बघताक्षणी कळतं. तो एकेका मुलाला आईला मार म्हणतो. चौघं गोंधळून गप्प राहतात. त्यांना शाप मिळतो आणि ते पशुपक्ष्यांसारखे जड होतात. शेवटी राम येतो आणि परशू चालवतो. बापाचा राग तिथल्या तिथं उतरतो. मग वर: आई उठावी, तिला हा वध आठवू नये, पाप लागू नये, भाऊ पूर्ववत व्हावेत, युद्धात आपल्याला तोड नसावी, दीर्घायुष्य मिळावं.

यात मलप्रभा नाही. घडा नाही. नागाची चुंबळ नाही. आणि हे सगळं सांगतो कोण, तर अकृतव्रण, म्हणजे परशुरामाचा शिष्य. मारणाऱ्याचा शिष्य गुरूची थोरवी युधिष्ठिराला ऐकवतोय. त्यानं काय सांगितलं असेल आणि काय गाळलं असेल, हा विचार करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि त्यासाठी पोथीला धक्काही लावावा लागत नाही.

दुसरी भागवताची, नवव्या स्कंधातली. तिथं नदी गंगा आहे. चित्ररथ माणूस नाही, गंधर्वांचा राजा आहे, आणि त्याच्याभोवती अप्सरा. रेणुका पाणी आणायला गेलीय. तिचं मन किंचित ओढलं जातं आणि होमाची वेळ टळते. ती घाबरून येते, कलश मुनीपुढं ठेवते, हात जोडून उभी राहते. इथं राम आईबरोबर भावांनाही मारतो, आणि मग सगळी झोपेतून उठावीत तशी उठतात. म्हणजे इथं होमाला झालेला उशीरही गोष्टीत येतो, पण मुनी रागावतो तो तिचं मन ढळलेलं ओळखून.

तिसरी आपली, सौंदत्तीकडची लोककथा. मलप्रभेच्या वाळूचा घडा रोज नव्यानं करायचा, नाग वेटोळं करून चुंबळ होणार, आणि मन ढळलं त्या दिवशी घडा वळेना झाला. मग शाप, अंगावरचं दुखणं, रानात भटकणं, एक्कय्या आणि जोगय्या या साधूंची भेट, जोगुळबावी या कुंडातलं स्नान, जोगवा मागणं. पुढं परशू, आणि काही ठिकाणी मातंगी नावाच्या बाईच्या आणि रेणुकेच्या शिरांची अदलाबदल. माहूरची मंडळी वेगळं सांगतील, चंद्रगुत्तीची आणखी वेगळं. ही कथा पोथीवाल्यांनी बिघडवली किंवा खेड्यातल्यांनी वाढवली असं समजू नका. वनपर्वात एक ओळही न बोलणाऱ्या बाईला चालायला लावलं, भूक लावली, दारोदार हिंडवलं ते याच कथेनं. तुम्ही जे करू बघताय ते काम गाणाऱ्यांनी केव्हाच सुरू केलंय.

चौथी एक जागा सहसा कुणी उघडत नाही, ती अनुशासनपर्वात आहे. छत्री आणि पायताणाचं दान का करायचं, हे भीष्म सांगतात. जमदग्नी बाण सोडतोय आणि रेणुका धावत जाऊन ते गोळा करून आणतेय. ज्येष्ठातली दुपार. डोकं आणि पाय भाजायला लागल्यावर ती क्षणभर झाडाखाली थांबते आणि शापाच्या भीतीनं पुन्हा धावते. "उशीर का झाला?" असं तो रागानं विचारतो. ती सांगते, ऊन होतं. मग तो धनुष्य सूर्यावर रोखतो आणि सूर्य ब्राह्मणाच्या रूपात येऊन छत्री आणि चामड्याची पायताणं देतो. भागवतातला गंगाकाठ आणि ही दुपार शेजारी शेजारी ठेवा. बाई तीच, नवरा तोच, उशीर दोन्हीकडं. एकदा तिला विचारलं गेलं, तिनं सांगितलं, ते ऐकलं गेलं आणि राग सूर्यावर गेला. दुसऱ्यांदा राग तिच्या मानेवर आला. या दोन दिवसांच्या मधे त्या घरात काय झालं असेल? मी तुमच्या जागी असते तर कादंबरीचा पहिला भाग याच मधल्या जागेत लिहिला असता.

आता 'मी'चा प्रश्न. तुमची रेणुका स्वतः गोष्ट सांगते. वनपर्व धरलंत तर तिला स्वतःचा वध आठवत नाही, तो वरच तसा मागितलेला आहे. मग ती परशूचा वार कसा सांगणार? तुमच्या हस्तलिखितात तो प्रसंग तिच्याच तोंडी आहे. चित्ररथ आणि मुलांची नावं वनपर्वातली आणि आठवण मात्र लोककथेतली, असं झालंय. दोनपैकी एक करा. एक तर तिला खरंच काही आठवू देऊ नका. म्हणजे घरात पाच मुलगे आणि नवरा, सगळ्यांना माहीत, आणि जिच्यावर घडलं तिलाच ठाऊक नाही. ती जेवायला वाढते तेव्हा थोरला मान वर करत नाही. धाकटा परशू आता बाहेर झाडाला टेकवून मगच आत येतो. ती विचारते, काय झालंय रे तुम्हाला? कुणी बोलत नाही. अशा घरातली शंभर पानं वाचक श्वास रोखून वाचेल. किंवा मग निवेदक बदला. रुमण्वानाला घ्या: ज्यानं नकारसुद्धा उच्चारला नाही, नुसता गप्प राहिला, आणि त्याबद्दल ज्याची वाचा आणि समज काढून घेतली गेली.

लोककथा धरलीत तर सगळं उलटं होतं. तिथं कुणीच काही विसरत नाही, वर्षाचं चक्रच त्यासाठी लावलंय. मार्गशीर्ष पौर्णिमेला जमदग्नी गेला म्हणून देवीचं सौभाग्य उतरतं, बांगड्या फुटतात, आणि माघी पौर्णिमेला पुन्हा चुडा भरला जातो. मधल्या दिवसांत देवी विधवा असते. वनपर्वानं जे पुसलं ते डोंगरावर दर वर्षी अंगानं आठवलं जातं. तिथली रेणुका 'मी' म्हणून सांगू शकते, अगदी परशूच्या वारासकट.

इथवरचं थोडक्यात: एक कथा कणा म्हणून धरा, तिच्यातल्या घटना मोडू नका, तिच्या गप्प जागा शोधा, आणि निवेदकाला काय आठवू शकतं ते त्याच कथेकडून ठरवून घ्या.

आता देहावरच्या अधिकाराचं वाक्य. भावना खोटी नाही. पण 'अधिकार' हा युक्तिवाद रेणुकेच्या घरात कुणी ऐकलेला नाही, त्यामुळं ते वाक्य जमदग्नीला लागत नाही. ते टाळ्या वाजवणाऱ्या वाचकाकडं तोंड करून बोललंय. बाईचं भांडण तिच्याच जगातल्या वस्तूंनी उभं करायचं. ऋषीच्या घरात कुठल्या वस्तू होत्या? यज्ञ होता. आणि यज्ञात बायकोचं काम काय, हे जरा खोलात जाऊन वाचलंत तर तुम्हाला दारूगोळाच सापडेल.

अमावास्या-पौर्णिमेच्या दर्शपूर्णमास यागात यजमानाच्या पत्नीच्या कमरेला मुंजगवताचा दोर, म्हणजे योक्त्र, बांधतात. मग तिनं वितळलेल्या तुपाकडं, आज्याकडं, बघायचं असतं. तिचं नुसतं बघणं हा विधीचा भाग आहे. नीट विचार करा: जिची नजर वर्षानुवर्षं पंधरा पंधरा दिवसांनी तुपावर नेली जाते, जिच्या नजरेला कर्मात जागा आहे, ती नजर एक दिवस पाण्याकडं जाते. हे ज्या बाईला आतून माहीत आहे ती थरथरणारच. वनपर्वातलं ते थरथरणं तुमच्या पानांत नुसती भीती म्हणून आलंय, त्याला हे मूळ द्या.

दुसरी गोष्ट याहून मोठी. चातुर्मास्य यज्ञांतल्या वरुणप्रघास नावाच्या यागात प्रतिप्रस्थाता नावाचा ऋत्विज, म्हणजे यज्ञाचा पुरोहित, यजमानाच्या बायकोला सरळ विचारतो: तुझा संबंध कुणाशी आहे? शतपथ ब्राह्मण त्याचं कारणही देतं. मनात सल ठेवून तिनं यज्ञात बसू नये, म्हणून विचारायचं; आणि बोलून दाखवलेलं पाप कमी होतं, कारण ते सत्य होतं. लपवलं तर तिच्या नातलगांचं अहित. आजच्या नजरेला हे विचारणंही जाचाचंच वाटेल, वाटू दे. पण त्या जगात चुकलेल्या बाईसाठी एक वाट होती: तिला विचारायचं, तिनं सांगायचं, कर्म पुढं चालू. आता वनपर्वाचा तो प्रसंग पुन्हा वाचा. जमदग्नी काही विचारतच नाही. तो बघतो, ओळखतो, धिक्कार करतो आणि मुलांना हाका मारतो. तुमची रेणुका ओल्या वस्त्रानं उभी आहे आणि त्या एका प्रश्नाची वाट बघतेय, जो ऋत्विज परकी माणसं असूनही विचारतात आणि नवरा विचारत नाही. "मला विचारा. विधीत विचारतात तसं विचारा." एवढंच ती म्हणाली तर जमदग्नीजवळ उत्तर नाही, कारण हे त्याचंच शास्त्र आहे. शंभर अधिकारांची वाक्यं या एका वाक्यापुढं मागं पडतील. आणि तुमच्या काकूंनाही ते परकं वाटणार नाही, असा माझा अंदाज आहे.

लोककथेचा कणा घेतलात तर हे श्रौत, म्हणजे वैदिक यज्ञाचं, कर्म तिथं आणू नका, ते उपरं दिसेल. तिथं तुमचं हत्यार घडा आहे. खानापूरकडं मलप्रभा लहान असते, तिथं उन्हाळ्यात पात्रात उतरा आणि ओल्या वाळूची ओंजळ हातात धरून बघा. ओल असेतो वाळू आकार धरते, वारा लागला की कडेनं आधी सुटते. त्याच खानापुरात कुंभाराकडं न भाजलेलं मडकं बघा. पाणी घातलं की ते फुटत नाही, बुडाकडून मऊ होत बसतं. वाळूचा घडा करणारी बाई हे सगळं हातांनी जाणत असणार. चमत्कार तिच्या तपाचा, पण हाताला लागणारी वाळू खरी. आणि डोक्यावर भरलेला घडा घेऊन चालणाऱ्या बाईकडं निरखून बघा. तिला नुसती मान वळवता येत नाही. बाजूला बघायचं तर आधी थांबावं लागतं आणि मग सगळं अंग वळवावं लागतं. म्हणजे बघणं हा तिचा निर्णय होतो, डोळा चुकून गेला असं म्हणता येत नाही. तुमच्या रेणुकेनं चित्ररथाला घडा भरण्याआधी बघितलं की नंतर, यावर तिच्या मनाची सगळी गोष्ट फिरते. सगळे सांगणारे हे एकसारखं सांगत नाहीत. तुम्हीच ठरवायचं.

वस्तूंचं मग पटकन सांगते. मिरची काढून टाका. संकेश्वरी असो की ब्याडगी, मिरची या देशात पोर्तुगीज आल्यानंतरची. तसाच शेंगदाणा, बटाटा, मका, पेरू. वनपर्वाच्या रेणुकेच्या घरात मिरे आणि पिंपळी चालतील, जव, तांदूळ, तीळ, दूध, तूप, मध चालेल. कागद, शाई नको. लोककथेच्या रेणुकेला मात्र मिरची माफ आहे, कारण ती गाणाऱ्याच्या काळात राहते आणि गाणाऱ्याच्या घरात मिरची आहे. महाभारत शतकानुशतकं वाढत गेलेला ग्रंथ, त्यामुळं 'नेमकं कुठलं साल' याला उत्तर नाही. तुम्हीच एक मर्यादा आखा आणि त्यानंतरची वस्तू आत येऊ देऊ नका.

बोलीबद्दल माझं मत ठाम आहे, पण ते कथेवर अवलंबून आहे. वनपर्वाच्या रेणुकेला साधी, घरगुती, स्वच्छ मराठी द्या. 'हे आर्यपुत्र' नको आणि 'काय करालीस गे' पण नको. फारसी शब्द सगळेच वेचून काढायचा नाद काही जण करतात, मी करत नाही. 'फक्त' किंवा 'नजर' यांनी काही बिघडत नाही, 'कागद' किंवा 'तोफ' यांनी बिघडतं. यल्लम्मेची, म्हणजे लोककथेतल्या रेणुकेची, कथा सांगत असाल तर बेळगावी खुशाल घ्या, पण सगळीच्या सगळी. आपल्याकडच्या कितीतरी बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात, ते दुरुस्त करायला जाऊ नका. कानडी शब्द जिथं आपोआप येतो तिथं येऊ द्या. सौंदत्तीच्या डोंगरावर कानडी आणि मराठी एकाच रांगेत उभ्या असतात. भाषेचं राजकारण आपल्या वाट्याला भरपूर आलंय, देवीच्या तोंडात ते नको.

जोगतिणींना, म्हणजे देवीला वाहिलेल्या बायकांना, भेटायचं म्हणताय. जरूर भेटा, पण सांभाळून. देवीला मुली सोडण्यावर कर्नाटकात १९८२च्या कायद्यापासून बंदी आहे, आणि ज्या बायकांच्या वाट्याला ते आयुष्य आलं त्यांच्याकडं आजवर कॅमेरे आणि वह्या घेऊन खूप जण गेलेत. 'तुम्हाला कसं सोडलं?' या प्रश्नानं सुरुवात करू नका. गाणं ऐकायला बसा. जग, म्हणजे डोक्यावरून वाहून नेलेली देवी, खाली उतरवून ठेवताना त्या काय करतात, परडीला हात कसा लावतात, कुठल्या कडव्याला चौंडक्याचा ताल बदलतो, ते बघा. त्यांचा वेळ घेतलात तर त्याचे पैसे द्या. त्यांनी मनानं आयुष्यातलं काही सांगितलं तर ते छापायचं का, हे त्यांनाच विचारा, आणि नाव, गाव ओळखू येईल असं काही ठेवू नका. देवदासींचं दुःख रेणुकेच्या तोंडात घालण्याचा मोह होईल. मी तरी तो आवरीन. तो विषय हवा असेल तर आजच्या काळातलं स्वतंत्र प्रकरण करा. तिथं माणसांनी केलेला अन्याय माणसांच्याच नावावर राहतो.

जाता जाता एक गोष्ट सुचवते, आवडली तर घ्या. सौंदत्ती, म्हणजे जुनं सुगंधवर्ती, ही रट्ट राजांची राजधानी. पुढं ते वेणुग्रामाला, आपल्या बेळगावला आले. किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालची, चौथ्या कार्तवीर्याच्या मंत्र्यानं, बीचणानं, बांधलेली. राजाचं नाव बघा: कार्तवीर्य. जमदग्नीच्या वैऱ्याचं नाव अभिमानानं घेणारा राजा ज्या मुलखावर राज्य करत होता, त्याच मुलखात रेणुकेचा डोंगर आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असा माझा दावा नाही. पण 'ऐतिहासिक' कादंबरी लिहायचीच असेल तर गोष्ट सांगणारी बाई त्या काळातली ठेवता येईल: १२०४च्या बेळगावातली एखादी तेलीण किंवा कुंभारीण, जी कार्तवीर्य राजाच्या राज्यात बसून कार्तवीर्यानं नागवलेल्या बाईची गोष्ट सांगतेय. काळही पक्का मिळतो आणि बोलीचा प्रश्नही बराचसा सुटतो.

काकू पुस्तक स्वीकारतील का, गावात कुणी हरकत घेईल का, हे मी इथून सांगू शकत नाही. ते घरावर, गावावर, त्या त्या वेळच्या हवेवर असतं. माझा अनुभव एवढाच की देवीला इच्छा झाली म्हणून फार जण उठत नाहीत, तिची टिंगल झाली तर उठतात. कडोली, उचगाव, बेळगुंदी इथल्या मराठी संमेलनांना खेड्यातला वाचक भक्तीनं येतो आणि मन लावून ऐकतो. तिथं प्रकरण वाचून दाखवायची संधी मिळाली तर सोडू नका. आणि पुस्तकाच्या सुरुवातीला साध्या भाषेत एक पान द्या: कणा कुठल्या कथेचा, उसनं कुठून घेतलं, आणि माझं काय. वाचक मग कल्पनेला फसवणूक समजत नाही.

राहिला शेवटाचा प्रश्न. परशूच्या घावावर किंवा पुन्हा उठण्यावर संपवू नका, पोथीत ती तिथं संपत नाही. वनपर्वात लगेच पुढचा प्रसंग आहे. मुलगे पुन्हा बाहेर गेलेत, आणि अनूप देशाचा राजा कार्तवीर्य आश्रमात येतो. त्याचं स्वागत कोण करतं? ऋषीची बायको. तो युद्धाच्या मदात ते स्वागत झिडकारतो, हंबरणाऱ्या होमधेनूचं वासरू ओढून नेतो आणि मोठमोठी झाडं मोडतो. एका राजाला दुरून बघितलं म्हणून जिला मारलं गेलं, तीच बाई आता दुसऱ्या राजाला सामोरी जाऊन अर्घ्य देते, आणि पहिल्यांदा काय झालं होतं ते तिला आठवत नाही. घरातल्या इतरांना आठवतं. पुढं राम कार्तवीर्याला मारतो, आणि राम नसताना कार्तवीर्याचे मुलगे येऊन जमदग्नीला मारतात. सध्या तुमच्या वहीत यातलं काहीच नाही. आधी स्वागताचं प्रकरण लिहा, नऊ-दहा पानं झाली तरी चालतील, आणि त्यानंतर निवेदक कोण ठेवायचा ते ठरवा. बदल केलेलं चित्ररथाचं प्रकरण आणि हे नवं, अशी दोन्ही एकत्र टाकलीत तर वाचून सांगेन.